कान देऊन : मागच्या रांगेतलं व्याख्यान आणि अकरा गाणी

प्रश्न : काका, मी पणजीच्या एका कॉलेजात टीवाय बीएस्सीला आहे. फोंड्याहून रोज जा-ये करतो. मागच्या गुरुवारी कॉलेजात संगीताच्या एका अभ्यासकांचं व्याख्यान झालं. हजेरी लागणार होती म्हणून हॉल भरला. मी शेवटच्या रांगेत होतो. माईक सारखा शिट्ट्या मारत होता, त्यामुळे निम्मंच ऐकू आलं, पण जे आलं ते टोचलं. 'तुमची पिढी गाणं ऐकत नाही, आवाज ऐकते', 'अल्बम हा प्रकार संपला', 'रॉक आपलं नाही' असं काहीबाही. शेवटी प्रश्न विचारायला हात वर केला, पण माईक मागे पोचलाच नाही.

नेमका त्याच रात्री बारा वाजता माझ्या आवडत्या बँडचा नवा अल्बम आला. चार वर्षं वाट पाहिली होती. अकरा गाणी, बावन्न मिनिटं. गादीवर पडून इअरफोन लावले आणि तिसऱ्या गाण्यालाच डोकं दुखायला लागलं. बंद केलं. सकाळी बसमध्ये तीच तीन गाणी बरी वाटली, रात्री घरी पुन्हा नाही. आमच्या ग्रुपवर मात्र साडेबारालाच सगळ्यांनी 'मास्टरपीस' म्हणून टाकलं होतं. मला आता वाटतंय, वक्ते म्हणाले तेच खरं असेल. मला रॉक खरंच आवडतं की नुसती सवय आहे?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : पहिलं तुझ्या मित्रांचं. बावन्न मिनिटांचा अल्बम ज्यांना तीस मिनिटांत मास्टरपीस वाटला ते, आणि तीन गाण्यांवर अकरांचा निकाल लावणारा तू, एकाच माळेचे मणी. रागावू नकोस. मीही त्याच माळेतला, फक्त जुना.

आता व्याख्यान. मी तीस वर्षं जत्रेतल्या नाटकांना साउंड लावला. रागदारीतलं काही विचारलंस तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन, पण स्पीकरचा बॉक्स कुठे ठेवायचा ते मला झोपेतून उठवून विचार. कॉलेजचे हॉल मी पाहिलेत. उंच छत, तिन्ही बाजूंना गुळगुळीत भिंती, खाली टाइल्स, डोक्यावर घरघरणारे पंखे, आणि वक्त्याच्या मागे ठेवलेले दोन दांडगे बॉक्स. शिट्टी त्यातूनच येते. बॉक्समधला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत बॉक्समधून निघतो, पुन्हा माईकमध्ये. हा फेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत कित्येकदा होतो आणि हॉलभर कीं ऽ ऽ. मग माईकवरचा मुलगा घाबरून आवाज खाली ओढतो आणि शेवटच्या रांगेचं भाषण तिथेच संपतं.

कधी हॉल रिकामा असेल तेव्हा मधोमध उभा राहून एक टाळी वाजव. टाळीची शेपटी दोन सेकंद रेंगाळली तर समज, इथे भाषण करू नये, फार तर बक्षिसं वाटावीत. माणूस बोलताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं सहज टाकतो. प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या दहा-बारा अक्षरांवर पडते. आ, ओ, ए तेवढे उरतात. त, क, स विरघळून जातात. त्यात आपल्या भाषेची एक गंमत आहे, ती साउंडवाल्यालाच कळते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि वाक्याच्या शेवटी वक्त्याचा दम सरलेला असतो. 'रॉक आपलं नाही असं मी म्हणणार नाही' यातले शेवटचे चार शब्द पंख्याने खाल्ले तर तुझ्यापर्यंत काय पोचलं? एका नाटकात नायिकेचं 'मी तुम्हाला सोडून जाणार नाही' हे वाक्य माझ्या एका सैल वायरीने 'सोडून जाणार'वर तोडलं होतं. पुढचा अख्खा प्रवेश प्रेक्षक तिच्याकडे संशयाने बघत होते.

तेव्हा वक्ते काय म्हणाले हे तुला नक्की ठाऊक नाही, आणि मला तर नाहीच. ज्या सरांनी व्याख्यान ठरवलं त्यांना भेट. कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलंच असेल, पुढच्या रांगेतल्याचं माग. आणि तुझा राहिलेला प्रश्न कागदावर लिहून सरांमार्फत पाठव. अभ्यासक माणसाला कोणी लेखी प्रश्न विचारला की बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

समजा, ते खरंच म्हणाले, 'रॉक आपलं नाही.' मग मी त्यांना पेटी दाखवीन. हार्मोनियमचं पेटंट १८४२ सालचं, पॅरिसमधलं. आपल्याकडे आल्यावर तिला खाली बसवलं, पायाचा भाता काढून हाताचा केला. तरी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती, कारण तेच : ही आपली नव्हे, हिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. मींड येत नाही हे खरंच आहे. पण वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात रात्री तीन वाजता जाऊन कुणाला सांगून बघ, 'पेटी उचला, परकी आहे.'

आणि रॉक म्हणशील तर १९८४ मध्ये आपल्या गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी पहिला अल्बम केला तो शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. त्यातली एक माझ्याकडे होती. एका जत्रेत नाटकाची पहिली घंटा व्हायची होती, लोक चणे खात बसलेले, मी ती कॅसेट लावली. आमचे पेटीवाले तेव्हा सत्तरीचे. पडद्यामागून तरातरा आले. मला वाटलं, आता कानाखाली. म्हणाले, "आवाज उणो कर, पूण बंद करूं नाका." (कमी कर, पण बंद करू नकोस.) आणि तिथेच खांबाला टेकून उभे राहिले, घंटा होईपर्यंत.

'तुमची पिढी ऐकत नाही' यावर मी काही बोलत नाही. आमच्या घरी नाट्यसंगीत लागायचं तेव्हा आईचे हात माशाच्या हुमणाच्या वाटपात असायचे आणि बाबा पेपर वाचायचे. 'अल्बम संपला' याचं मात्र थोडं पटतं. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून गाण्यांचा क्रम लावावा लागे, बाजू उलटताना श्रोता उठणार हे धरून. आता स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं मोजतात. ज्याचं पोट त्या तीस सेकंदांवर, तो अकराव्या गाण्याची काळजी कशाला करील? तुझ्या बँडने बावन्न मिनिटांचा अल्बम काढला हाच मुळात आडमुठेपणा आहे, आणि मला तो आवडला.

आता ते डोकं दुखणं. 'रात्री गादीवर नकोसं झालेलं सकाळी बसमध्ये बरं वाटलं' ही ओळ तू अशी लिहून गेलास जणू तिचा कशाशी संबंधच नाही. मी तिच्यावर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.

गणेश चवथीच्या घुमट आरतीला तू बसला असशीलच. (घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेलं मडक्यासारखं वाद्य.) सुरुवात कशी होते आठव. लय ठाय, एक घुमट धिम्मं बोलतंय, डावा तळहात मागच्या तोंडावर उघडतोय-झाकतोय, शामेळ (काठ्यांनी वाजवायची नगाऱ्यासारखी जोडी) अजून गप्प. मग हळूहळू चढत जातं आणि शेवटी आठ घुमटं, शामेळ, कांसाळी (झांजा), घराची कौलं हलतात. अंगावर काटा येतो तो त्या शेवटाने, पण आणतो तो सुरुवातीचा हळू आवाज. आता समज, मी मध्ये यंत्र लावलं आणि त्या पहिल्या एकट्या घुमटाला ओढून शेवटाइतकं मोठं केलं. शेवट तेवढाच राहिला, पण चढायला जागाच उरली नाही. आरती संपेपर्यंत कान थकतील आणि का थकले ते सांगता येणार नाही.

रेकॉर्डिंगमध्ये याला कॉम्प्रेशन म्हणतात. हळू आवाज वर खेचायचा, मोठा दाबायचा, सगळं एका पातळीवर सपाट. थोडं हवंच असतं, नाहीतर गायकाचा शब्द ड्रमखाली गाडला जाईल. पण सीडीच्या काळात, १९९० नंतर, चढाओढ लागली. दोन गाण्यांतलं जरा मोठं वाजणारं कानाला पहिल्या झटक्यात चांगलं वाटतं, म्हणून जो तो आपलं गाणं मोठं करायला लागला. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या अल्बमचं तर असं झालं की चाहत्यांनीच 'पुन्हा मिक्स करा' म्हणून सह्यांची मोहीम काढली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, आणि लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली.

पण त्या मिक्स करणाऱ्याला लगेच शिव्या घालू नकोस. तू सकाळी कुठे होतास? पणजी-फोंडा बसमध्ये. इंजिन, बाणस्तारीच्या पुलावरचा वारा, दारात लटकून "फाटीं वच, फाटीं वच" (मागे जा) ओरडणारा कंडक्टर. तिथे हळू वाजलेलं काहीच ऐकू येत नाही. सपाट केलेलं गाणं तेवढं तरतं. तुझा अल्बम त्या बससाठी बेतला आहे आणि तू तो मध्यरात्रीच्या शांततेत, पंखा बंद करून ऐकलास. बिचाऱ्याचं काय चुकलं? निदान सगळं त्याचं नाही.

मी सांगतो ते कर. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज सारखा राखणारं 'नॉर्मलायझेशन' असतं, ते चालू ठेव. याच बँडचं तुला पाठ असलेलं जुनं गाणं लाव, मग नवं, मग परत जुनं. दोन्ही एकाच मोठेपणावर आले की मोठेपणाची लबाडी संपते आणि उरतं ते गाणं. रविवारी दुपारी, जेवणानंतर घर झोपलं की, इअरफोन काढून ठेव आणि कुणाचा तरी बरा स्पीकर मागून आण. आवाज एवढाच, की मागच्या दारी कोंबडी ओरडली तर कळावी. अकराही गाणी, क्रमाने, फोन पालथा घालून. सातव्या-आठव्या गाण्याकडे लक्ष दे. जे कुणी तीस सेकंदांत विकायला बसलेलं नाही ते बँड मंडळी बहुधा तिथे लपवतात.

एवढं करूनही अल्बम वाईट निघू शकतो. बँडला चार वर्षांनी वाईट अल्बम काढायचा पूर्ण अधिकार आहे. पण मग त्याला तू वाईट म्हणशील, त्या माईकच्या शिट्टीने कानात घातलेल्या तीन वाक्यांनी नव्हे. आवड की सवय, ते मला नाही सांगता येणार. चार वर्षं वाट पाहून रात्री बारापर्यंत जागण्याला आमच्याकडे तरी सवय म्हणत नाहीत. कुठलं गाणं तू वगळशील ते मला कळव. का वगळलंस ते एका ओळीत.

प्रश्न : माझी मुलगी दिवसभर कानात इअरफोन घालून असते. म्हणते, रॉक हळू ऐकताच येत नाही. कान बिघडतील का हो?
— एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, रॉकने बिघडत नाहीत, मोठ्या आवाजाने बिघडतात, भजनानेही बिघडतील. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील, ९० डेसिबलला फक्त ४. दहाच डेसिबलचा फरक, पण वेळ दहापट कमी. बऱ्याच फोनमध्ये हे मोजून दाखवायची सोय असते, ती तिलाच शोधायला सांगा, तुम्ही शोधलीत तर भांडण होईल. तेही नको असेल तर हातभर अंतरावर उभं राहून साध्या आवाजात विचारा, "चहा घेतेस?" उत्तर आलं नाही तर आवाज जास्त आहे. (उत्तर न येण्याची दुसरी कारणंही असतात, ती तुम्ही ओळखता.)

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं बॉक्स माझ्या उजव्या बाजूला असायचा, कारण मिक्सरची वायर तेवढीच लांब होती. आता घर शांत झालं की उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते, थेट त्या कॉलेजच्या माईकसारखी, फक्त ही खाली ओढायला बटण नाही. डॉक्टर म्हणाले, पंखा लावून झोपा, त्या आवाजात ती बुडेल. लावतो. मे महिन्यात कोणाची तक्रार नसते. जानेवारीत बायको उशी उचलून बाहेरच्या खोलीत जाते.