दादा तिकडे का गेला?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात माणसं येतात ती बहुतेक लग्न, नोकरी, मुलांचा अभ्यास असले विषय घेऊन. पण जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि तेव्हापासून आणखी एक तक्रार सारखी कानावर यायला लागली : "घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही." सासरे-जावई, बाप-लेक, शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळे. बाकी महाराष्ट्राने ती फूट टीव्हीवर पाहिली, ठाण्यात ती जेवणाच्या ताटावर झाली. २०२४ मध्ये २० मे रोजी लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, तेव्हाही तेच. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : "त्याला पटवायचं कसं?"

त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारकावे बदलले आहेत. कोण कुठल्या गटात, हेही सांगणार नाही. सांगितलं की वाचणारा पुढचं सगळं आपल्या गटाच्या चष्म्यातून वाचतो.

दोन भाऊ, किसननगरात वाढलेले. थोरल्याचं वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. धाकटा ऐरोलीला आयटीत, राहायला घोडबंदर रोडला. दोघांच्याही घरात आनंद दिघ्यांचा फोटो, आणि खरी शिवसेना आमचीच हा दोघांचाही दावा. दादाने नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, त्याखाली धाकट्याने लिहिलं, 'फॉरवर्ड करण्याआधी डोकं वापरत जा.' मामा, आत्या, भाचे, सगळ्यांच्या देखत. दादा ग्रुपमधून बाहेर पडला. त्या वर्षी गणपतीला धाकट्याला बोलावणं नव्हतं. आई आलटून पालटून दोघांकडे राहायची, आणि दोन्हीकडे बातम्या लागल्या की उठून देवघरात जाऊन बसायची.

धाकटा माझ्याकडे आला तो मुद्द्यांची तयारी करूनच. मोबाइलमध्ये कात्रणं, जुन्या भाषणांचे तुकडे, काय काय. मी ते बाजूला ठेवायला लावलं.

"तुमचा दादा तिकडे का गेला?"

"सोपं आहे मॅडम. कामं मिळतात त्याला."

"असं तो म्हणाला?"

"म्हणेल कशाला?"

मी रॉजर्सच्या वळणाची समुपदेशक आहे, हे लपवत नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा नियम सुचवला होता. वाद चालू असताना आपला मुद्दा मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण बोलून दाखवायचं, आणि ते असं की त्याने "हो, हेच म्हणतोय मी" असं म्हणावं. ऐकायला बाळबोध वाटतं. करून बघा.

धाकट्याला मी दादा व्हायला सांगितलं. सुरुवात बरी झाली. दोन वाक्यं दादाची, तिसऱ्यात टोमणा. पुन्हा केलं, पुन्हा टोमणा. पुढच्या भेटींतही तेच चाललं. असल्या वेळी मी घाई करत नाही, घाई न करणं हे माझ्या कामातलं अर्धं कौशल्य आहे. मग एका संध्याकाळी तो मधेच थांबला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत बसला. पुसून झाला तरी पुसतच होता.

"मला माहीतच नाही," तो म्हणाला. "मी त्याला कधी विचारलंच नाही. जे काही बोलतोय ते माझंच आहे."

हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं असतं तर वाया गेलं असतं. ते त्यालाच सापडायला हवं होतं.

मग ठरलं, विचारायचं. पण 'का' नको. 'का गेलास' म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि स्वतःची वकिली करायला लागतो, तेच टीव्हीवरचे मुद्दे बाहेर येतात. 'कधीपासून' आणि 'कुणामुळे' विचारलं की माणूस आठवायला लागतो. ही माझी बऱ्याच वर्षांची कमाई आहे, फुकट देतेय.

दुपारच्या सुट्टीत तो वर्कशॉपवर गेला. एकटाच, आणि फोन गाडीत ठेवून. दादाने आधी "कुणी पाठवलं?" असं विचारलं. मग डबा पुढे सरकवला आणि हळूहळू बोलला. नव्वदच्या दशकात वडील सिव्हिलमध्ये होते, तेव्हा शाखाप्रमुख रात्रभर बाकड्यावर बसून होता. रक्ताची सोय त्याने केली, घरी रेशन त्याने पोचवलं. धाकटा तेव्हा तिसरी-चौथीत, त्याला मामाकडे पाठवलेलं. २०२२ मध्ये तो शाखाप्रमुख ज्या बाजूला गेला, दादा त्याच्या मागे गेला. भाषणं, चिन्ह, कोर्ट हे सगळं नंतर.

धाकट्याचं मत बदललं का? नाही. दादाचंही नाही. पण 'कामं मिळतात म्हणून' हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

माझा अनुभव असा की आपल्याकडे राजकीय मतामागे पुष्कळदा कुणाचे तरी उपकार असतात, नाहीतर कुणीतरी केलेला अपमान. ते न विचारता आकडे फेकत बसलात तर समोरच्याला वाटतं, तुम्ही त्या माणसालाच नावं ठेवताय. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ब्रूकमन आणि काला या संशोधकांचा मायामीतला अभ्यास आला. घरोघरी जाऊन सुमारे दहा मिनिटं बोलायचं, लोकांना स्वतःचे अनुभव आठवायला लावायचे. तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह त्याने कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो परिणाम टिकून होता. विषय वेगळा, पण रीत तीच.

म्हणून ग्रुपवर वाद घालू नका, तिथे माणूस तुमच्याशी नाही, प्रेक्षकांशी बोलतो. एकट्याला गाठा, हाताला काहीतरी काम असताना. घोडबंदरच्या ट्रॅफिकला दोघं मिळून शिव्या घालता येतात, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पुरावे शेवटी, आणि त्याने मागितले तरच. पण कुणी जातीवर, धर्मावर, घरच्या बाईमाणसावर घसरलं तर "हे मी ऐकून घेणार नाही" म्हणून उठा. समजून घेणं म्हणजे सगळं सोसणं नव्हे.

पुढच्या भेटीत धाकटा कुरकुरत आला. "मी ऐकलं. त्याने मला एकदाही विचारलं नाही, मॅडम."

रास्त तक्रार होती. विचारतील म्हणून वाट बघत बसू नका, सरळ मागा, असं मी म्हणाले. तो घरी गेला आणि म्हणाला, "दादा, आता माझं पाच मिनिटं ऐक. उत्तर देऊ नकोस."

दादा तीन मिनिटं गप्प राहिला. मग वहिनीने डोळे वटारले, म्हणून उरलेली दोन.