दारावर चावीची डबी: रोजच्या भाड्याच्या घरांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची ८४ फ्लॅटची सोसायटी आहे. त्यातले सहा फ्लॅट मालक ॲपवरून एक-दोन रात्रींसाठी देतात. दर शुक्रवारी नवे चेहरे, लिफ्टमध्ये बॅगा, रात्री दोन वाजता चुकीच्या दाराची बेल. न्यूयॉर्क, बार्सिलोनाने हे बंद केलं म्हणतात. आमच्या समितीला ठराव करून बंदी घालता येईल का?
— सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर : समितीच्या ठरावाने नाही. घाईघाईने केलेला असा ठराव उपनिबंधकांकडे टिकत नाही आणि त्या सहा मालकांना मात्र आयतं हत्यार मिळतं.

आधी परदेशाचं. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणी सक्तीची केली. यजमानाने त्याच घरात हजर राहायचं आणि पाहुणे दोनच ठेवायचे. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४मध्ये जाहीर केलं की शहरातल्या दहा हजारांहून अधिक पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८नंतर पुढे चालू राहणार नाहीत. ही दोन्ही कामं नगर प्रशासनाची आहेत, कुठल्या इमारतीच्या समितीची नाहीत. महाराष्ट्रात फ्लॅटच्या रोजभाड्यासाठी असा वेगळा कायदा नाही, म्हणून हातात आहेत तीच हत्यारं वापरायची.

ती कमी नाहीत. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, २०१४) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, पण आठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. सोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत जोडायची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी घरमालकाची, आणि चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता शुक्रवारी दुपारी बुकिंग करून संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यासाठी हे कोण करणार? मालक म्हणाला, ‘हे लिव्ह अँड लायसन्सच आहे’, तर आठ दिवस आणि कलम ५५ आडवं येतं. म्हणाला, ‘छे, हे लॉजिंगसारखं आहे’, तर निवासी फ्लॅटचा वापर बदलल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. मग महापालिकेचा परवाना कुठे आहे, हे विचारता येतं. दोन्हीकडून तो सापडतो. तुमची नोटीस याच दुहेरी प्रश्नावर उभी करा, ‘बाहेरचे लोक येतात’ या तक्रारीवर नको.

पुरावा आधी गोळा करा. ॲपवरच्या जाहिरातीचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातला ‘सेल्फ चेक-इन’चा उल्लेख जपून ठेवा. खालची पाहुण्यांची परीक्षणं तर सोन्यासारखी, कारण ‘मार्चमध्ये दोन रात्री राहिलो’ हे पाहुणाच लिहून देतो. मजल्यावर जाऊन आकडे फिरवून उघडणारी चावीची डबी कुठे टांगली आहे तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी ती पॅसेजमधल्या फायर होजच्या पेटीला किंवा गॅसच्या पाइपला अडकवलेली आढळते. ही जागा सोसायटीची सामाईक आहे. होजच्या पेटीचं दार त्या डबीमुळे पुरतं उघडत नसेल तर फोटो काढून ती त्याच दिवशी हलवायला लावा, त्यासाठी कुठल्या ठरावाची गरज नाही.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये तारीख, फ्लॅट क्रमांक, पाहुण्याचं नाव, माणसं किती, गाडीचा नंबर, येण्या-जाण्याची वेळ एवढं पुरे. आधारच्या झेरॉक्स गठ्ठ्याने वॉचमनच्या टेबलावर ठेवू नका. त्या उद्या कुठे फिरतील सांगता येत नाही, आणि निस्तरायला लागेल समितीला. ओळखपत्र बघायचं आणि परत द्यायचं.

तीन महिन्यांचं रजिस्टर आणि स्क्रीनशॉट हातात आले की मालकाला लेखी नोटीस द्या. तिच्यात तीनच गोष्टी मागा : करार, पोलिसांना दिलेली माहिती आणि पर्यटन किंवा लॉजिंगची काही नोंदणी असल्यास तिची प्रत. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर कारणे दाखवा नोटीस द्या आणि विषय सर्वसाधारण सभेसमोर न्या. उपविधींच्या भंगाचा दंड समिती परस्पर लावू शकत नाही. तो सभेने ठरवायचा, सदस्याला म्हणणं मांडू देऊन. आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला ५,००० रुपये आहे. रोजचे चार हजार कमावणाऱ्याला हा दंड म्हणजे चहापाणीच. पण दंड लागल्याची नोंद पुढे सहकार न्यायालयात उपयोगी पडते.

कायमची वाट म्हणजे उपविधी दुरुस्ती. प्रस्ताव सर्व सदस्यांना १४ दिवस आधी कळवायचा, सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतांनी तो मंजूर व्हायला हवा आणि मग निबंधकांची मान्यता घ्यायची. मान्यता मिळेपर्यंत तो लागू नाही. सगळ्यात जास्त प्रकरणं फसतात ती प्रस्तावाच्या शब्दांत. ‘एअरबीएनबीला बंदी’ असं लिहिलंत तर मालक दुसऱ्या ॲपवर जातो. ‘अनोळखी व्यक्तींना प्रवेश नाही’ लिहिलंत तर कोणाच्या सासूबाईही अडतात. साधारण असं लिहा : ‘कोणत्याही सदस्याने आपली सदनिका किंवा तिचा भाग मोबदला घेऊन सलग तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी कोणालाही वापरायला देऊ नये.’ ‘मोबदला घेऊन’ या दोन शब्दांमुळे घरचे पाहुणे, लग्नाची मंडळी, अमेरिकेहून आलेली मुलगी हे सगळे मोकळे राहतात.

आणि पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, पाहुण्याला गेटवरून परत पाठवणं यातलं काहीही करू नका. पाहुण्याने पैसे भरलेले असतात, भांडण पोलिसांत जातं आणि आरोपी ठरते समिती. रात्रीच्या गोंगाटासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेतच. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ११२ला फोन करा आणि कॉलची वेळ रजिस्टरमध्ये टिपा.

प्रश्न : अशा फ्लॅटकडून सोसायटी प्रत्येक पाहुण्यामागे ५०० रुपये घेते. हे बरोबर आहे का?
— एक सदस्य, नवी मुंबई

उत्तर : नाही. मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो तेव्हा सोसायटीला फक्त बिनभोगवटा शुल्क घेता येतं. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के ठरवली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७मध्ये माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात ती उचलून धरली. हे १० टक्के पूर्ण बिलावर लावायचे नाहीत. बिल ५,८०० रुपयांचं असेल आणि त्यात सेवाशुल्क ३,२०० असेल, तर बिनभोगवटा शुल्क महिन्याला ३२० रुपये. महापालिकेचा कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी यांना हात लावायचा नाही. माणशी ५०० रुपये घेणाऱ्या सोसायटीने उद्या या धंद्याला विरोध केला, तर मालक त्याच पावत्या पुढे टाकेल : ‘तुम्हीच तर वाटा घेत होतात!’

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. पुण्यात माझा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे, मी एकटीच राहते. एक खोली पर्यटकांना द्यायची आहे, नाश्त्यासकट. सोसायटीशी भांडण नको. काय काय करावं लागेल?
— वाचक, पुणे

उत्तर : तुमचं प्रकरण वरच्या ठाण्यासारखं नाही. मालकच घरात राहतो, हा फरक मोठा आहे, आणि सरकारच्या योजनाही याच गृहीतावर बेतलेल्या आहेत. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा आणि मालकाचा कुटुंबासह त्याच घरात मुक्काम अशी अट आहे. राज्यातही पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. नोंदणी आधी करा, जाहिरात नंतर टाका. लोक उलट करतात आणि तिथेच अडकतात.

सोसायटीला पत्र द्या, तोंडी सांगू नका. पत्रात लिहा की मी स्वतः राहते, एकच खोली देते, एका वेळी दोनच पाहुणे, चेक-इन रात्री नऊपर्यंत, गाडीला पाहुण्यांचं पार्किंग मागणार नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका, निम्मी भांडणं पार्किंगवरूनच सुरू होतात.

प्रत्येक पाहुण्याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरावी लागते, अजूनही सगळे तिला सी-फॉर्मच म्हणतात. त्यासाठी लॉगिन आधीच काढून ठेवा. पाहुणा सोफ्यावर बसलेला असताना लॉगिनचा अर्ज भरायला घेतला तर ते २४ तास कधीच उलटून जातात.

कराचं थोडक्यात. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला जीएसटी नोंदणी लागत नाही. ॲपवरून आलेल्या बुकिंगवरचा जीएसटी अशा वेळी ॲपच भरतं. सप्टेंबर २०२५पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. आयकरात मात्र अनेकजण एक चूक करतात. घरभाडं म्हणून दाखवतात आणि ३० टक्क्यांची सरसकट वजावट घेतात. तुम्ही चादरी बदलता, पोहे करून देता, म्हणजे ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जाण्याचीच शक्यता जास्त. तिथे वजावट प्रत्यक्ष खर्चाची मिळते. तेव्हा लाँड्रीच्या, किराणाच्या पावत्या आजपासून जपा.

प्रश्न : अलिबागजवळ नागावला आमचं घर आहे. शेजारचा बंगला शनिवार-रविवार वीस-बावीस जणांना देतात. सोमवारी-मंगळवारी आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. ग्रामपंचायत म्हणते, पुरावा आणा.
— वाचक, रायगड

उत्तर : वास कधी येतो, हे तुम्ही नेमकं टिपलं आहे. पुराव्याची सुरुवात तिथूनच होते.

साधारण पाच-सहा माणसांच्या घराला दोन हजार लिटरची सेप्टिक टाकी बांधलेली असते. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर सहा जणांचे ८१० लिटर होतात. म्हणजे सांडपाणी टाकीत दोन दिवसांहून जास्त थांबतं आणि गाळ तळाशी बसायला वेळ मिळतो. वीस माणसं आली की २,७०० लिटर, म्हणजे पाणी जेमतेम १८ तास थांबतं. टाकी अर्धी गाळाने भरलेली असेल तर नऊच तास. मग न बसलेला गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, खड्ड्याची भोकं बुजतात आणि घाण पाणी बाजूने वाट काढतं. कोकणातल्या जांभ्यात पोकळ्या असतात, त्यातून ते मातीत न गाळता सरळ वाहतं. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा. टेप घेऊन मोजा, कारण अनेक जुन्या प्लॉटवर हे अंतर मुळात नसतंच.

पुरावा असा करा. शुक्रवारी सकाळी, शेजारी पाहुणे यायच्या आधी, विहिरीच्या पाण्याचा एक नमुना घ्या, मंगळवारी दुसरा. दोन्ही एच-टू-एसच्या बाटल्यांत भरा, ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीच्या साहित्यात त्या सहसा असतात. बाटली २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाणी दूषित. शुक्रवारची साफ आणि मंगळवारची काळी, असं सलग तीन आठवडे निघालं की बोलायला जागा उरत नाही. सोबत जिल्हा प्रयोगशाळेचा एक रीतसर अहवाल जोडा.

अर्ज आधी ग्रामपंचायतीला करा आणि पोच घ्या. हलले नाहीत तर भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १५२खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी प्रांतांकडे जा. मागणी ‘बंगला बंद करा’ अशी करू नका. टाकी उपसणे, तिची क्षमता वाढवणे आणि तोवर पाहुण्यांची संख्या आठवर आणणे, एवढंच मागा. एवढा आदेश निघणं सोपं असतं.

तोपर्यंत पाणी उकळून प्या आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, हजार लिटरला ५ ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते साधारण १४ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच ओतायची.

प्रश्न : गोव्यात पर्वरीला फ्लॅट घेतला आहे. आम्ही डोंबिवलीला असतो. वर्षातून दोनदा जातो, बाकी काळ पर्यटकांना देऊ म्हणतो. नोंदणी लागते का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : हो. गोव्यात यासाठी पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२चा कायदाच आहे. पर्यटन खात्याकडे नोंदणी करा आणि तिचा क्रमांक जाहिरातीत टाका. तिथल्या सोसायटीचे नियम वेगळे तपासा, खात्याची नोंदणी मिळाली म्हणून सोसायटी बांधली जात नाही. आणि न विचारता एक सांगतो : पाहुण्यांना स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी किंवा स्कूटर भाड्याने देऊ नका. त्यासाठी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलं परवान्याचं वाहन लागतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच पाहते.

प्रश्न : मुलाचा लंडनमध्ये हॅरोला फ्लॅट आहे. तो सुट्टीत भारतात येतो तेव्हा फ्लॅट पर्यटकांना देतो. ९० रात्रींची मर्यादा आहे म्हणे. दोन ॲपवर टाकला तर १८० होतात का?
— वाचक, नाशिक

उत्तर : होत नाहीत. ९० रात्री एका घराच्या, एका कॅलेंडर वर्षातल्या, सगळी ॲप मिळून. एअरबीएनबी लंडनमध्ये ९० झाल्या की जाहिरात आपोआप अडवतं, पण दुसऱ्या ॲपवरच्या रात्री त्याला दिसत नाहीत. तो हिशोब मुलानेच ठेवायचा. शिवाय ज्या रात्री घर देतो त्या रात्रींचा कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) भरण्याची जबाबदारी देणाऱ्याची असावी लागते. त्याहून महत्त्वाचं, फ्लॅट लीजवर असेल तर लीजचा कागद वाचायला सांगा. त्यात घर ‘खासगी निवासस्थान’ म्हणूनच वापरायची अट असेल, तर काही रात्रींसाठी देणंही भंग ठरू शकतं. २०१६मध्ये तिथल्या अप्पर ट्रिब्युनलने एका प्रकरणात तसा निर्णय दिला आहे. तेव्हा त्याने ९० रात्री मोजण्याआधी लीज काढून बघावं.