आजारी कुत्रीला तात्पुरते घर देताना

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एका प्राणी निवारा केंद्राने सुमारे ३ वर्षांची एक कुत्री सोडवून आणली आहे. बरेच दिवस बांधलेली आणि उपाशी राहिल्यामुळे तिचा हाडांचा सापळा झाला आहे. तिला गोचीड ताप आहे, रक्त फार कमी झाले आहे आणि निकामी झालेला एक डोळा शस्त्रक्रियेने काढावा लागणार आहे. मात्र रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी वाढेपर्यंत शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे पशुवैद्यांचे म्हणणे आहे. केंद्रातील गोंगाट तिला सोसत नाही, म्हणून ६ आठवडे तिला घरी सांभाळाल का, अशी विचारणा आम्हाला झाली आहे. घरी आमचा ११ वर्षांचा कुत्रा आणि ९ वर्षांची मुलगी आहे. प्रेमाने, पोटभर खाऊ घालून तिला उभी करता येईल असे वाटते. पण तिचे काही बरेवाईट झाले तर? होकार द्यावा का?

उत्तर : होकार द्यावा, असे माझे मत आहे, मात्र तुमच्या पत्रातील ‘पोटभर’ हा शब्द आधी खोडावा लागेल. दीर्घकाळ उपाशी राहिलेले शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरते. अशा प्राण्यापुढे एकदम भरपूर अन्न, विशेषतः भात-पोळीसारखे पिष्टमय अन्न आले, की इन्सुलिन झपाट्याने वाढते आणि रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाऊन रक्तातले त्यांचे प्रमाण घसरते. परिणामी अशक्तपणा, झटके, हृदयाची अनियमित गती, आणि तांबड्या पेशी फुटून आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होणे, असे सारे पहिल्या काही दिवसांतच घडू शकते. उपासमारीतून वाचलेला प्राणी जेवणाने दगावावा, ही गोष्ट विचित्र वाटते खरी, पण ती घडते. १० किलो वजनाच्या कुत्र्याला नुसत्या विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी लागतात. उपाशी प्राण्याची सुरुवात साधारणपणे त्याच्या चौथ्या हिश्शाने करून, दिवसाकाठी चार-सहा लहान वाटे देत, काही दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेवर येतात. तिच्यासाठी नेमका आकडा आणि नेमके अन्न पशुवैद्यांकडून लिहून घ्या आणि तिने कितीही केविलवाणे पाहिले तरी वाटी पुन्हा भरू नका. घरातील सर्वांत हळव्या माणसाकडे हे काम न सोपवलेले बरे.

लिहून घेण्याच्या बाबतीत थोडे कठोर व्हा. कुत्री तुमच्या घरी राहिली तरी तिची जबाबदारी कायद्याने आणि व्यवहाराने बहुधा केंद्राकडेच राहते; म्हणून उपचारांचा खर्च कोण करणार, रात्री दोन वाजता तिची प्रकृती बिघडली तर कोणाला फोन करायचा आणि कोणत्या दवाखान्यात न्यायचे, तो फोन उचलला गेला नाही तर तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकता का, आणि उपचार थांबवण्याचा प्रसंग आलाच तर तो शब्द कोणाचा, हे तिला आणण्यापूर्वी कागदावर असावे. ‘पाहू या, आम्ही आहोतच’ हे उत्तर सद्भावनेने दिलेले असले तरी पुरेसे नाही.

गोचीड ताप तुमच्या कुत्र्याला तिच्या सहवासाने किंवा एका भांड्यात पाणी पिण्याने होत नाही. तो पसरतो गोचिडीमार्फत. त्यामुळे दोघांनाही गोचीडनाशक औषध दिलेले हवे. खरी काळजी आहे ती केंद्रातून येऊ शकणाऱ्या इतर संसर्गांची. पार्व्हो या कुत्र्यांच्या आतड्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, आणि तो अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून किमान तेवढे दिवस तिची खोली, भांडी आणि शौचाची जागा वेगळी ठेवा आणि तुमच्या कुत्र्याचे लसीकरण पूर्ण असल्याची खात्री करा.

तुमचे मुख्य काम बरे करण्याचे नसून पाहण्याचे आणि नोंदवण्याचे आहे. एक वही करा. ती झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते (३० च्या आत असावेत), हिरड्यांचा रंग कसा आहे, किती खाल्ले, लघवी आणि शौच कशी झाली, औषध कधी दिले, हे रोज लिहा. गोचीड तापावर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक बहुधा २८ दिवस देतात. कुत्री चौथ्या-पाचव्या दिवशी शेपूट हलवू लागली म्हणून गोळ्या थांबवू नका. हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे, पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके उमटणे, शौच डांबरासारखी काळी होणे किंवा ती उभीच न राहणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. डोळा दुखतो म्हणून माणसांच्या गोळ्या तर मुळीच नकोत : आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात आणि अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो.

मुलीला वहीत श्वासांचा आकडा लिहिण्याचे काम द्यावे, पण दुरून मोजून. दुखणाऱ्या, अनोळखी कुत्रीजवळ तिला एकटे सोडू नये, आणि घरातील सर्वांनीच दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूने, आधी आवाज देऊन जवळ जावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बरेवाईट होण्याची शक्यता आहे, ती लपवून उपयोग नाही. मुलीलाही ‘ती बरी होऊन जाईल’ असे न सांगता ‘ती फार आजारी आहे, आपण तिची नीट काळजी घेणार आहोत’ एवढेच सांगा. असा प्राणी दगावला, तर सांभाळणाऱ्याला आपलेच कुठे चुकले का, असे वाटत राहते. त्या वेळी ती वही पशुवैद्यांसमोर ठेवून काय घडले ते विचारा.

ती बरी झाली, तर कायमची ठेवून घेण्याचा मोह होईल. तो निर्णय शस्त्रक्रिया होऊन रक्ताचा पुढचा अहवाल येईपर्यंत घेऊ नका. आज कोपऱ्यात निमूट पडून राहणारी कुत्री अंगात रक्त आल्यावर कशी वागेल हे आताच कळणार नाही, आणि ११ वर्षांच्या तुमच्या कुत्र्याला त्या उत्साहाचा शेजार मानवतो का, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागेल.