एका प्रोग्राममधून दुसऱ्यात रेकॉर्डिंग नेताना

कानबाईचे अहिराणी गाणे जळगावात रीपर या रेकॉर्डिंग प्रोग्रामवर रेकॉर्ड करून मिक्सिंगसाठी (सगळे आवाज एकत्र जुळवण्यासाठी) प्रो टूल्स हा दुसरा प्रोग्राम असलेल्या स्टुडिओत पाठवणार असाल, तर प्रोजेक्टची फाइल पाठवू नका; ती तिथे उघडणार नाही. प्रत्येक ट्रॅक (एकेका आवाजाचे किंवा वाद्याचे स्वतंत्र रेकॉर्डिंग), त्यात सुरुवातीला कितीही शांतता असली तरी, शून्य सेकंदापासूनच २४ बिट वेव्ह (WAV) या ऑडिओ फाइलच्या स्वरूपात काढा, म्हणजे तिसऱ्या कडव्यात येणारी ढोलकी तिथेही नेमक्या जागी पडेल. सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) मूळचाच ठेवा आणि टेम्पो, म्हणजे गाण्याची गती, लिहून कळवा. प्लगइन (आवाजावर इफेक्ट देणारे जोड-प्रोग्राम) सोबत जात नाहीत, म्हणून गायकाच्या आवाजाची रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) लावलेली आणि कोरी, म्हणजे इफेक्ट नसलेली, अशा दोन्ही प्रती द्याव्यात. कोरी प्रत तर माझ्या मते अत्यावश्यकच. प्रोजेक्ट एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठी २०२३ मध्ये आलेले डॉप्रोजेक्ट (DAWproject) हे फाइल स्वरूप उपयुक्त आहे, परंतु ते मोजकेच प्रोग्राम वाचतात.