बिस्किट दिसलं तरच बसतं!

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. बिस्किट दाखवलं की पटकन बसतं, हात रिकामा दिसला की ढिम्म. बसल्यावर बिस्किट द्यायला गेलं की अंगावर उड्या मारतं. आम्ही त्याला लाच खायची सवय लावली का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सवय लागली आहे ती तुमच्या हाताला. खाऊ आधी दिसला तर ते आमिष, बसल्यावर मिळाला तर बक्षीस.

आमिष पहिल्या चार-पाच वेळांपुरतंच. तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, बूड खाली टेकतं. मग तीच खूण रिकाम्या हाताने करा. बूड टेकताक्षणी 'शाब्बास' म्हणा आणि दुसऱ्या हाताने, पाठीमागच्या डबीतून खाऊ द्या. इथे दोन-तीन सेकंदांचा उशीर महागात पडतो : तेवढ्यात पिल्लू उठून उडी मारतं आणि बक्षीस उडीला मिळतं. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. खाऊ त्याच्या तोंडापर्यंत खाली न्या. वर धरलात तर घ्यायला ते उठणारच.

दहापैकी आठ वेळा नुसत्या खुणेवर बसू लागलं की शब्द जोडा : आधी शब्द, क्षणभराने खूण. मात्र 'बस' नको. 'बस झालं', 'बस कर' हे घरात दिवसभर त्याच्या कानावर पडतं. 'सिट' चालेल, पण आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी तेच म्हणायचं, आणि एकदाच.

बिस्किट बंद करा. साखर तर आहेच, शिवाय चुरा सांडतो आणि पिल्लू जमीन हुंगत बसतं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. जेवणाआधी, दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटं पुरेत. असा वरखाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा. घरात सोपं जमू लागलं की त्याच्या नेहमीच्या खाण्यातलीच मूठभर बाजूला काढून वापरा. प्रसादाचा शिरा अजिबात नको. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

खाऊ एकदम तोडू नका. आधी दर वेळी, मग दोन-तीनदा बसल्यावर एकदा, तेही ठरावीक क्रमाने नाही. 'शाब्बास' आणि पाठीवर हात मात्र दर वेळी. अंगणात नेल्यावर ते सगळं विसरल्यासारखं वागेल. तिथे पुन्हा चिकन काढा आणि खुणेपासून सुरुवात करा.