संगणक-शंका: एकाच व्हेरिएबलमध्ये दोघे कसे?

प्रश्न : सातपूरला आमचं छोटं युनिट आहे. जुन्या बिलिंग प्रोग्रामचा सोर्स हरवला, फक्त क्लास फायली (कंपाइल झालेला कोड) उरल्या. डीकंपायलरने (क्लास फायलीतून पुन्हा सोर्स काढणारा प्रोग्राम) काढलेल्या जावा कोडमध्ये ‘व्हार3’ हा आधी लूपचा आकडा, पुढे गिऱ्हाइकाचं नाव, त्याच्याही पुढे नगांची बेरीज! टाइपच्या एरर आल्या म्हणून जिथे किंमत भरली जाते तिथे तिथे तो नव्या नावाने डिक्लेअर केला, सुरुवातीला शून्य दिलं. आता कंपाइल होतं, पण बिलावर एकूण नग शून्य येतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ते शून्य तुम्हीच दिलेलं आहे, डीकंपायलरला बोल लावू नका. बाइटकोडमध्ये, म्हणजे क्लास फायलीतल्या कोडमध्ये, लोकल व्हेरिएबलला नाव नसतं, स्लॉटचा (किंमत ठेवायच्या जागेचा) नंबर असतो. पंचवटीतल्या धर्मशाळेची 3 नंबरची खोली समजा. एक कुटुंब गेलं की दुसरं उतरतं. कोण कधी होतं हे रजिस्टर सांगतं. इथे ते काम लोकल व्हेरिएबल टेबल करतं. तुमच्या फायलींत ते दिसत नाही, कारण जावासी (जावाचा कंपायलर) नुसता चालवला तर ओळींचे नंबर ठेवतो, नावं ठेवत नाही.

मग माग काढायचा. ‘जावापी’ला (बाइटकोड वाचून दाखवणारं जावाचं साधन) मायनस सी देऊन मेथड उघडा. आयस्टोअर_3 म्हणजे पूर्णांक आत गेला, एस्टोअर_3 म्हणजे ऑब्जेक्ट. आता प्रत्येक लोड (स्लॉटमधली किंमत वाचणारी सूचना) घ्या आणि विचारा, इथवर कोणकोणत्या स्टोअरची किंमत पोचू शकते? एकाच लोडपर्यंत पोचणारे सगळे स्टोअर मिळून एक व्हेरिएबल. आयइंक (स्लॉटमधल्या पूर्णांकात भर घालणारी सूचना) दिसला तर तो वाचतोही आणि लिहितोही, हे विसरू नका. (स्लॉटचा नंबर मध्येच एकाने उडाला तर घाबरू नका, लाँग आणि डबल दोन स्लॉट खातात.)

तुमच्या बेरजेला तीन जागा आहेत: लूपआधीचं शून्य, लूपमधली भर, लूपनंतरची छपाई. लूपच्या वरच्या टोकाला शून्यही पोचतं आणि मागच्या फेरीतली भरही, म्हणजे व्हेरिएबल एकच. या तिन्ही जागांना कवेत घेणारा सगळ्यात आतला ब्लॉक (महिरपी कंसांतला भाग) शोधा. तो लूपच्या बाहेरचा आहे. डिक्लेरेशन तिथे, लूपच्या आतलं खोडा आणि तिन्ही जागी एकच नाव ठेवा. गिऱ्हाइकाचं नाव मात्र वेगळं स्ट्रिंग व्हेरिएबल करा, त्याचा बेरजेशी काडीचा संबंध नाही.

आणि जुनी जार (क्लास फायलींचं गाठोडं) कुठे पडली असेल तर बघा. मेव्हनने (जावा प्रोजेक्ट बांधायचं साधन) बांधलेली असेल तर त्यात नावं असण्याची बरीच शक्यता आहे, मेव्हन ती आपणहून ठेवतो.