घराण्याची वंशावळ ऑनलाइन टाकायची आहे. साइट कुठली घ्यावी, आणि त्यात धोका काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या वहीत वंशावळ आहे, ती एखाद्या साइटवर चढवायची, सगळ्या चुलत-मावस-आतेभावंडांना लिंक पाठवून भर घालायला लावायची; आणि पुढे जात पडताळणीला ती उपयोगी पडेल का, हेही विचारलंय.

साइटचं नंतर बघू. आधी एक ठरवून टाका: हयात माणसं त्या झाडावर, म्हणजे ऑनलाइन वंशावळीवर, नकोत. असलीच तर फक्त 'हयात' एवढं लिहिलेला रिकामा चौकोन. भाऊबंद उत्साहाच्या भरात काय काय भरतात ते बघा: पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, लग्नाची तारीख, राहतं गाव, नातवंडांचे फोटो. आईचं नाव आणि जन्मतारीख बँका ओळख पटवायला विचारतात. शिवाय कोण कुणाचा साडू, कुठला मुलगा परदेशात, कुठली आजी एकटी राहते हे सगळं एका पानावर आयतं मिळालं की 'काकू, मी अमक्याचा अमका बोलतोय, जरा अडचणीत आहे' असा फोन करायला फार अक्कल लागत नाही. साइट मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मायहेरिटेज या वंशावळीच्या साइटच्या 9 कोटी 20 लाखांहून जास्त खातेदारांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचं 2018 साली खुद्द कंपनीनेच जाहीर केलं होतं. झाडं त्यात गेल्याचा पुरावा नव्हता, हे खरं. पण भरवसा किती ठेवायचा ते त्यावरून ठरवा.

दुसरा धोका चोरीचा नाही, घोळाचा आहे, आणि मला तो जास्त खुपतो. या साइट पाश्चात्त्य नावांच्या हिशोबाने बांधलेल्या आहेत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. म्हणजे गोविंद विष्णू, त्यांचा मुलगा विष्णू गोविंद, त्याचा मुलगा पुन्हा गोविंद विष्णू. आडनाव तेच, गाव तेच, बापाचं नावही तेच. जन्मसाल भरलेलं नसेल तर साइट विचारते, 'ही एकच व्यक्ती आहे का?' कुणीतरी पुतण्या घाईत 'हो' दाबतो आणि माणूस स्वतःचाच आजोबा होऊन बसतो. सामायिक झाडावर ही गाठ सोडवणं म्हणजे डोकेदुखी, कारण तोवर दुसऱ्या शाखेने त्याच्याखाली आपली माणसं जोडलेली असतात.

बायकांच्या बाबतीत तर विचारू नका. जुन्या वंशावळीत मुली नसतातच, फार तर 'कन्या 2'. सुना असल्या तरी सासरच्या नावाने. मणिकर्णिका तांबे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई एकच, हे आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या खापरपणजीचं माहेरचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसेल, आणि साइट त्या एकीच्याच दोन वेगळ्या व्यक्ती करून मोकळी होईल. दत्तकाचंही तसंच. सयाजीराव गायकवाडांचा जन्म 1863 चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, नाव गोपाळराव, वडील काशीराव. 1875 मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं. तुमच्या घराण्यातही एखादे 'गोपाळराव' असतीलच. दोन्ही आईबाप नोंदवा, नातं 'दत्तक' असं निवडा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

वहीतली सालं तशीच उतरवू नका. इसवी सन काढायला शके असेल तर 78 मिळवा, पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुतेक वेळा 79. फसली, म्हणजे महसुली साल असेल तर 590.

आता मजकूर कुठून आणायचा? सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे जुने फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. माणूस वारला की जमिनीला वारस लावायचे, म्हणून तलाठ्याने लिहिलेलं असतं: अमुक मयत, वारस मुलगे अमुक, मुलगी अमुक, लग्न होऊन अमक्या गावी, विधवा पत्नी अमुक. वहीत न सापडलेल्या आत्या मला तिथे सापडल्या, सासरच्या गावासकट. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर शोधता येतात. जन्ममृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना 14. जुनं असेल तर मोडी लिपीत असेल, तेव्हा ती वाचणारा गाठून ठेवा. त्र्यंबकेश्वर-नाशिकला तुमचे तीर्थोपाध्ये कोण ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते नामावळी काढतात. पूर्वी कोण आलं, सोबत कोण, घरी कोण, असं त्यात असतं, आणि कधी खाली पणजोबांची सहीही. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडचे असाल तर हेळवी नावाचे वंशावळ सांगणारे लोक घराण्याच्या पिढ्या नोंदवून ठेवतात. ते पिढीजात राखलेलं धन आहे, फोटो काढण्याआधी विचारा आणि दक्षिणा हातचं राखून देऊ नका.

प्रत्येक नावापुढे माहिती कुठून आली ते लिहा. 'वही', 'फेरफार क्रमांक अमुक', 'आत्या म्हणाली' एवढंही चालतं. नाहीतर दोन शाखांच्या वंशावळी जुळल्या नाहीत की भांडण ठरलेलं.

साइटचं म्हणाल तर मी आधी स्वतःच्या संगणकावर 'ग्रँप्स' या वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये झाड बांधेन. फुकट आहे, देवनागरी नीट घेतं, इंटरनेट लागत नाही. गेलेल्या पिढ्या पक्क्या झाल्या की तेवढ्याच 'गेडकॉम' फाइलमध्ये (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसरीकडे न्यायची फाइल) काढून साइटवर चढवा. फॅमिलीसर्च फुकट आहे, अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची संस्था चालवते. तिथल्या सामायिक झाडात मृतांच्या नोंदी कुणीही बदलू शकतं, हे डोक्यात ठेवून जा. जेनीवरही जगभराचं एकच झाड करायचा खटाटोप आहे. भाऊबंदांना थेट लिहायची मुभा देण्यापेक्षा त्यांच्याकडून माहिती मागवा आणि भरायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. घरात एक तरी किचकट स्वभावाचा माणूस असतोच, त्याला द्या.

जात पडताळणीला हे ऑनलाइन झाड पुरावा म्हणून चालत नाही. समितीपुढे वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि त्यातल्या नात्यांना जुने महसुली किंवा शाळेचे दाखले जोडावे लागतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद बघतात. म्हणजे फेरफार आणि कोतवाल बुकाच्या नकला काढालच, तर साक्षांकित काढा.